मशीद बंदर ते लायन गेट

कोल्हापूरच्या माणसाने आरमारावर बोलायला बसावे म्हणजे ऐकणाऱ्याला थोडे हसू येणारच. आमचे पाणी पंचगंगेचे, फार तर रंकाळ्याचे. समुद्र पाहायचा तर आंबा घाट उतरून खाली जायला हवे. पण इतिहासाचा हिशेब जरा निराळा आहे. मालवण आणि सिंधुदुर्ग एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींच्या राज्यात होते, सिंधुदुर्गातले शिवरायांचे मंदिर राजाराम महाराजांनी बांधले, आणि मालवणच्या बंदरात कोल्हापूरची लढाऊ गलबते नांगरून असत. ती गलबते इंग्रजांच्या व्यापाराला इतकी जाचू लागली, की १७६५ साली मुंबईकर इंग्रजांनी चालून येऊन सिंधुदुर्ग घेतला. त्याचे नावसुद्धा बदलून ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले. पुढे खंडणी घेऊन तो परत दिला. पण १८१२ च्या तहाने मालवण गेले ते कायमचेच, आणि त्या तहाबरोबरच लढाऊ जहाजे बाळगण्याचा हक्कही कोल्हापूरला सोडून द्यावा लागला. म्हणजे आम्ही मुळात बिनसमुद्राचे लोक नव्हे. कागदावर सही करून समुद्र सोडलेले लोक. एवढे सांगितले म्हणजे मला पुढे बोलायला हरकत नसावी.

दरवर्षी इतिहासाच्या शेवटच्या वर्गाची सहल मी मुंबईला नेतो. गेटवे, म्युझियम, घारापुरी असा ठरलेला बेत असतो. एका वर्षी निघण्यापूर्वी राजापूरकडची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. “सर, मशीद बंदराला जायचंय का आपल्याला?” मी म्हटले, तिथे काय आहे? तेव्हा तिने सांगितले, की तिच्या नानीचे अब्बा विलायती कंपनीच्या आगबोटीवर होते. लढाईच्या दिवसांत गेले ते परत आले नाहीत. कंपनीकडून एक कागद आला होता. तो इंग्रजीत होता, म्हणून पोस्टातून वाचून घेतला. पुढे घर गळू लागले तेव्हा तो कागद भिजून गेला. बोटीचे नाव गेले, तारीखही गेली. राहिले एवढेच, की ते बॉयलरवर आगवाले होते आणि नानी तेव्हा पाळण्यात होती. “मुंबईत कुठेतरी नावं लिहून ठेवलीत, असं नानी म्हणते. बघून ये म्हणाली.”

खरे सांगतो, इतकी वर्षे इतिहास शिकवतो आहे, पण त्या स्मारकात मी पाऊल टाकले नव्हते.

मशीद बंदर स्टेशनच्या पूर्वेला, पी. डिमेलो मार्गावर, गोदीच्या भिंतीसमोर हिंदी खलाशांसाठी बांधलेले वसतिगृह आहे: इंडियन सेलर्स होम. ट्रक, हातगाड्या, गोण्या यांच्या गर्दीत ते सहज नजरेतून सुटते. पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या, आणि ज्यांना समुद्रावाचून दुसरी कबर नाही अशा दोन हजारांवर हिंदी खलाशांचे स्मारक येथे आहे. दुसऱ्या महायुद्धातली नावे याहून पुष्कळ जास्त. त्या नावांचे पुस्तक केले आणि त्याच्या दोन प्रती ठेवल्या. एक मुंबईला, दुसरी चितगावला, कारण बोटींवरचे लोक मुख्यतः या दोन किनाऱ्यांवरूनच जात. त्यात त्या वेळच्या शाही हिंदी नौदलाचे चारशेवर लोक आहेत. व्यापारी बोटींवरचे मात्र सहा हजारांच्या आसपास. हा आकडा ऐकून मुले चमकली. मेलेल्यांत गणवेशातला जर एक असेल तर बिनगणवेशाचे पंधरा. आपण युद्धस्मारक म्हटले की डोळ्यांपुढे बंदूक खांद्याला लावलेला शिपाई आणतो. येथे ज्याची नावे आहेत त्याच्या हातात बहुधा फावडे होते.

या लोकांना इंग्रज ‘लस्कर’ म्हणत. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांत सुमारे चौथा हिस्सा या हिंदी आणि आशियाई खलाशांचा होता. त्यांच्यातली उतरंड आपल्या कोकणी माणसाला आजही तोंडपाठ असते. सर्वांवर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाणू धरणारा तो सुखानी, भटारखान्यात भंडारी, झाडलोट करणारा टोपस, आणि खाली बोटीच्या पोटात, आगवाला आणि त्याला कोळसा ओढून देणारा कोळसेवाला. माणसे गोळा करण्याचे काम बहुतेक सारंगाकडेच असे, आणि सारंग आपल्याच गावची, आपल्याच नात्यातली माणसे घेई. उपाशी घराला हा मोठाच आधार. पण त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या: एक बोट बुडाली म्हणजे एकाच वाडीतल्या कित्येक घरांत एकाच दिवशी आकांत.

पगाराचे म्हणाल तर त्याच बोटीवरच्या गोऱ्या खलाशाच्या मानाने लस्कराचा पगार फारच थोडा. १९३९ साली युद्ध पुकारल्याबरोबर विलायतेच्या बंदरांत या लोकांनी पगारवाढीसाठी संप केले, त्यात कित्येक जण तुरुंगात गेले. पण सरकारला आणि कंपन्यांना त्यांच्यावाचून बोटी हलवता येईनात, तेव्हा पगार थोडा वाढवावाच लागला. आणि धोका तर आगवाल्याला सर्वांत अधिक. पाणबुडीचा पाणतीर लागतो तो पाण्याच्या रेषेखाली, बहुधा मध्यभागी, म्हणजे जिथे इंजिन आणि बॉयलर असतात तिथे. फुटलेल्या बॉयलरची वाफ, आत घुसणारे पाणी, आणि वर जायला लोखंडी शिडी एकच. डेकवरचा माणूस निदान समुद्रात उडी तरी टाकू शकतो.

त्या काळी हिंदी महासागरही काही शांत नव्हता. १९४२ च्या नोव्हेंबरात मुंबईहून पूर्व आफ्रिकेला निघालेली ‘तिलावा’ ही उतारूंची बोट जपानी पाणबुडीने २३ तारखेला बुडवली. बोटीवर ९५८ माणसे होती, त्यांतली २८० गेली. आपल्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहून गेले, हे कोल्हापुरात सर्वांना ठाऊक आहे. तेही इराणातून समुद्रमार्गेच हिंदुस्थानात आले, आणि आले ते याच धास्तीच्या दिवसांत. त्यांच्या आठवणीचा स्तंभ आपल्या महावीर उद्यानात आहे, आणि असावाच. मात्र त्या वर्षांत या समुद्रावर बोटी चालत्या ठेवणाऱ्या आपल्याच घाटाखालच्या माणसांची खूण कोल्हापुरात कोठे नाही.

लंडनला टॉवर हिलवर व्यापारी खलाशांचे फार मोठे स्मारक आहे. तेथे चोवीस हजारांच्या घरात दुसऱ्या महायुद्धातली नावे आहेत म्हणतात. पण हिंदी करारावर भरती झालेले आपले हे लोक तेथे नाहीत. त्याच बोटीवर, त्याच क्षणी, त्याच पाणतीराने मेलेल्या कप्तानाचे नाव लंडनला आणि आगवाल्याचे मुंबईला किंवा चितगावला. यात मुद्दाम केलेला अपमान होता असे मी म्हणणार नाही; घराजवळ नाव असावे असाही एक विचार त्यात असेल. पण मेल्यावरही माणसे करारपत्राप्रमाणे वेगळी निघाली, हे काही चुकत नाही.

आता त्या मुलीची हकिगत. ज्या आयोगाकडे या नावांच्या नोंदी आहेत त्यांनी त्या आता संगणकावरही ठेवल्या आहेत. आम्ही कोल्हापूरहून निघतानाच त्या पाहून ठेवल्या होत्या. तिच्याजवळ नाव होते आणि बापाचे नाव होते. पण कोकणातल्या मुसलमान घरातली ती नावे म्हणजे आपल्याकडची दत्तू मारुती किंवा बाळू रामा! त्यात ती इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. एकच नाव चार तऱ्हांनी. शोधता शोधता तीन माणसे उरली. तिघांचे नाव तेच म्हणता येईल असे, तिघेही आगवाले, बोटी तीन, तारखा तीन. एक १९४१ ची, दोन १९४२ च्या. नानीचे वय नेमके किती, हे घरात कोणाला सांगता येत नव्हते, म्हणून तारखेचाही उपयोग होईना. बोटीचे नाव असते तर एका मिनिटात उलगडा झाला असता.

स्मारकापुढे ती बराच वेळ उभी राहिली. बाकीची मुले नेहमी फोटो काढण्यात गुंग असतात, तीही त्या दिवशी गप्प होती. मी इतिहासाचा मास्तर. अशा वेळी काय बोलावे ते मला सुचले नाही.

बाहेर आलो तर समोर व्हिक्टोरिया गोदीच्या बाजूची भिंत. १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या दारूगोळ्याच्या बोटीचा स्फोट येथेच झाला. एकाच बोटीत कापूस, स्फोटके आणि सोन्याच्या लगडी भरल्या होत्या. कापसाने पेट घेतला, आणि पुढचे सर्वांना माहीत आहे. आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे ६६ लोक मेले. १४ एप्रिल हा दिवस त्यांच्यासाठीच पाळतात. मुलांना मी एवढेच सांगितले, की युद्ध मुंबईला आले ते शत्रूच्या तोफेने नव्हे, आपल्याच सामानाने.

चालत बॅलार्ड पिअरपर्यंत येताना एका मुलाने विचारले, “सर, आपलं नौदल लढलं का नाही मग?” प्रश्न रास्त होता. युद्धाच्या आरंभी दोन हजारही माणसे नसलेले ते नौदल युद्ध संपेपर्यंत वीस हजारांवर गेले. त्याची एकच गोष्ट सांगतो. ‘बेंगाल’ नावाची सुरुंग काढणारी लहानशी नौका ऑस्ट्रेलियात बांधून घेतली होती; वजन साडेसहाशे टनांच्या आसपास. १९४२ च्या नोव्हेंबरात ती ‘ओंदिना’ या डच तेलवाहू बोटीची सोबत करीत हिंदुस्थानाकडे येत होती. ११ तारखेला कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला दोन जपानी जहाजे समोर आली. एकेक दहा हजार टनांचे, आणि तोफा अशा की ‘बेंगाल’ला त्यांच्या एका माऱ्यात बुडवावे. ‘बेंगाल’वर मोठी म्हणायची तोफ एकच, आणि गोळे मोजके. तिच्या कप्तानाने ओंदिनाला पळून जायला सांगितले आणि आपले तोंड सरळ शत्रूकडे वळवले! गोळाफेकीत ‘होकोकू मारू’ या जपानी जहाजाच्या दारूगोळ्याच्या जागी आग लागली आणि ते बुडाले. तो गोळा ‘बेंगाल’चा की ‘ओंदिना’चा, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. मला तो वाद व्यर्थ वाटतो. ओंदिनाचा कप्तान मारला गेला. ‘बेंगाल’ मार खाऊन का होईना बंदराला लागली, आणि तिच्यावरचा एकही माणूस गेला नाही. ही नौका पुढे काय झाली? मोडीत गेली. तिचे स्मारक पाहायला चला असे मी मुलांना म्हणू शकलो नाही, कारण पाहण्यासारखे काही उरलेले नाही.

मोडीवरून आठवले. लायन गेटसमोर, जेथे नौदलाच्या गोदीचा दरवाजा आहे, तेथे २०१६ साली ‘विक्रांत’चे स्मारक उभे राहिले आहे. ‘विक्रांत’च्याच पोलादातून घडवलेले शिल्प, रस्त्याच्या मध्ये, वाहनांच्या वर्तुळात. मी विद्यार्थी असताना त्या जहाजाचे संग्रहालय केले होते आणि मी ते पाहिले होते. सातशे फूट लांबीचे ते डेक, त्यावरून चालताना जहाजावर आहोत असे वाटतच नसे. गावच्या माळावर उभे आहोत असे वाटे. विमाने वर नेणारा पाळणा, खालच्या दालनात मांडलेली जुनी विमाने, आणि त्याच्याही खाली खलाशांच्या अरुंद बिछान्यांच्या उतरंडी. मला त्या बिछान्यांनीच अधिक खिळवले.

हे जहाज इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धासाठी बांधायला घेतले. ते सप्टेंबर १९४५ मध्ये पाण्यात लोटले तेव्हा युद्ध संपलेले होते. तसेच अर्धवट पडून राहिले. १९५७ मध्ये भारताने ते विकत घेतले, बेलफास्टला पुरे करून घेतले, आणि ४ मार्च १९६१ ला त्याच्यावर आपला ध्वज चढला. १९७१ च्या युद्धात त्याच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता. म्हणजे त्याची चाल मंद, आणि विमाने उडवायला तर समोरून वारा हवा! तरीही ते बंगालच्या उपसागरात उभे राहिले, आणि त्याच्या विमानांनी कॉक्स बझार, चितगाव ही बंदरे निकामी केली. पाहा, पुन्हा चितगाव. आमच्या नावांच्या पुस्तकाची दुसरी प्रत जेथे आहे तेच.

३१ जानेवारी १९९७ ला विक्रांत निवृत्त झाले. २०१२ पर्यंत लोक ते पाहू शकत. मग ते धोक्याचे झाले म्हणून बंद केले. ते जतन करणे पैशाच्या दृष्टीने झेपणारे नाही असे राज्य सरकारने २०१३ मध्ये उच्च न्यायालयात सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०१४ साली साठ कोटींना विकलेले ते जहाज दारूखान्यात तोडायला घेतले गेले. त्याच्या पोलादाच्या मोटारसायकली निघाल्या, त्या कोल्हापुरातही फिरतात. पुढे ‘विराट’चे तेच झाले, ते अलंगला गेले.

सरकारला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण पोलादी जहाज समुद्रात ठेवणे म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. खाऱ्या पाण्यात पत्रा रोज थोडा थोडा झिजतो. ठरावीक काळाने जहाज सुक्या गोदीत घेऊन तळ खरवडावा लागतो, पत्रे बदलावे लागतात, आणि विक्रांतएवढे जहाज घ्यायला गोदीही तेवढीच मोठी लागते. तीत ते महिनोन्महिने बसले तर कामाच्या जहाजांनी जायचे कोठे? विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००२ पासून लोकांना पाहायला मिळते, ती समुद्रातून बाहेर काढून वाळूवर नेऊन ठेवली म्हणून. पाणबुडी ओढता येते. सातशे फुटांचे जहाज कोठे ओढणार?

इतके सगळे मान्य करूनही मनातली एक खुटखुट जात नाही. ज्या लायन गेटपुढे विक्रांतचे तुकडे उभे आहेत, त्याच्या आतच मुंबईची जुनी गोदी आहे. तेथे वाडिया घराण्यातल्या पारशी कारागिरांनी मलबारी सागवानाची जहाजे बांधली. १८१७ साली जमशेटजी वाडियांच्या देखरेखीखाली ‘त्रिंकोमाली’ नावाचे इंग्रजी आरमाराचे लढाऊ जहाज येथून पाण्यात गेले. त्याचे नकाशे घेऊन निघालेले जहाज वाटेतच अमेरिकनांनी पकडले, म्हणून ते दुसऱ्यांदा पाठवावे लागले आणि काम लांबले. अशी सगळी त्याची कथा. ते ‘त्रिंकोमाली’ आज दोनशे वर्षे उलटल्यावर इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे, आणि लोक तिकीट काढून पाहतात. मुंबईत बांधलेले जहाज इंग्लंडने सांभाळले. इंग्लंडात बांधलेले मुंबईत मोडले. सागवान कुजत नाही, पोलाद गंजते, हे कारण खरेच आहे. पण तेवढेच कारण आहे का, हे मुलांनी मला विचारले आणि मी त्यांना त्याच विषयावर निबंध लिहायला सांगून वेळ मारून नेली.

कुलाब्याला जाईतो संध्याकाळ झाली. कूपरेजजवळ बागेत नौदलाच्या उठावाचे स्मारक आहे. एका नाविकाचा पुतळा. शेजारी मुले चेंडू खेळत होती. १८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’ या नौदलाच्या संदेश-शाळेत नाविकांनी जेवण नाकारले. कारण वाईट अन्न आणि अधिकाऱ्याच्या शिव्या. पण त्याआधीच बी. सी. दत्त याने भिंतींवर ‘जय हिंद’, ‘चले जाव’ लिहून अटक ओढवून घेतली होती. उठाव ‘तलवार’मध्येच का पेटला आणि दोन दिवसांत कराचीपर्यंत कसा गेला? कारण ‘तलवार’ हे बिनतारी संदेश शिकवण्याचे ठाणे. हातात बंदूक नव्हती, पण सगळ्या नौदलाचे कान त्यांच्या हातात होते. ७८ जहाजे, २० ठाणी आणि सुमारे वीस हजार नाविक त्यात आले. २१ तारखेला ॲडमिरल गॉडफ्रे यांनी आकाशवाणीवरून, म्हणजे त्या वेळच्या ऑल इंडिया रेडिओवरून, बजावले की नौदल नष्ट झाले तरी चालेल पण शरण यावे लागेल. आज त्याच नभोवाणीसाठी लिहिताना मला त्या आवाजाची आठवण होते.

सरदार पटेलांच्या सल्ल्याने २३ तारखेला नाविकांनी काळी निशाणे चढवली. दरम्यान त्यांच्या बाजूने रस्त्यावर आलेल्या मुंबईकरांवर गोळीबार झाला आणि दोनशेवर माणसे मेली. परळला पडलेल्या कमल दोंदे त्यांतल्याच. उठावातल्या ज्या नाविकांना काढून टाकले, त्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलाने पुन्हा घेतले नाही. शिस्तीचा प्रश्न होता हे मला समजते; पण पुतळा उभा राहायला २००१ साल उजाडावे, हे मात्र मला समजत नाही.

रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने परत निघालो. ती मुलगी खिडकीशी बसून वहीत काही लिहीत होती. मी विचारले, नानीला काय सांगणार? ती म्हणाली, “तिन्ही नावं लिहून घेतलीत, सर. बोटींसकट. नानी म्हणेल त्या तिघांसाठी दुवा मागू या, म्हणजे आपला त्यात येईलच.”

कर्जतला चहा आला. मी दोन कप घेतले आणि एक तिच्यापुढे ठेवला.